मायच्या तोंडी पाणी

“त्याच्या हातचं पानी चालत नाई, अन् त्यानं हागनं काढलं तं चालते?” माणिकबाई अंगणात उभी राहून नवऱ्यावर ओरडत होती.

“मंग तू काढत जाय,” देवीदास म्हणाला.

तेवढ्यात गोवर्धन घाणीनं भरलेली गोधडी काखेत धरून घरातून निघाला आणि कोणाकडे न पाहता पेढी नदीच्या वाटेला लागला. माझं घर त्यांच्या अंगणाला लागून. मधली भिंत कंबरेएवढी, त्यामुळे या माझ्या जातभाई माळ्यांचं भांडण अर्धंअधिक आमच्याच घरात व्हायचं.

देवीदास थोरला, गोवर्धन धाकटा. वांगी, कांदे, झेंडू असं त्यांच्या वाडीत पिकायचं आणि भातकुलीच्या बाजारात जायचं. एका पावसाळ्यात गोवर्धनचा पाय सडला. अमरावतीच्या मिशनच्या दवाखान्यात पडला होता. परत आला तो चांगला चालत आला, पण बाप्तिस्मा घेऊन आला. गावानं विचारलं, काय दिलं रे तुला? पैसे दिले की जमीन दिली? तो म्हणायचा, “एका बाईनं माह्या पायातला पू धुतला. नाक नाई दाबलं तिनं. मी इचारलं, काहून करता? तं थे म्हने, आमच्या देवानं आमचे पाय धुतले.” एवढ्यावर कोणी धर्म सोडतो का? आम्हाला ते काही पटलं नाही. जातीनं त्याला बाहेर काढलं आणि तो वाडीच्या टोकाला झोपडी घालून एकटा राहू लागला.

मग त्यांची माय, पार्बताबाई, अंथरुणाला खिळली. कमरेखालचं अंग गेलं. माणिकबाईनं तोंडाला पदर लावला तो काढलाच नाही. देवीदास बाहेरून डोकावायचा. शेवटी गोवर्धन आला, खाली बसला आणि मायचं करू लागला.

यावर पंचायत बसली. जातीचे पंच खुशालराव यांनी निवाडा दिला. घाण काढायची तर गोवर्धननं खुशाल काढावी, पण अन्नपाण्याला शिवू नये. त्याच्या हातचा थेंब जरी बुढीच्या तोंडात गेला तरी जात तिला खांदा देणार नाही, दहाव्याला कोणी उभं राहणार नाही. निवाडा असा बिनतोड की सगळ्यांची सोय झाली. मीही मान डोलावली होती.

गोवर्धन मायला कुशीवर वळवायचा, पुसायचा, पाठीच्या जखमांना तेल लावायचा. पाणी मात्र माणिकबाई लांबून वाटीनं ओतायची. अर्धं गळ्यावर सांडायचं, ते गोवर्धन पुसायचा.

एकदा दुपारी मी भिंतीपाशी सुतळी वळत बसलो होतो. बुढीचा आवाज आला.

“गोवर्धन, एक इचारू का रे? हे माहं करून तुले तुह्या देवाजोळ मुक्ती भेटन का?”

“भेटली हाय माय. पैलेच भेटली.”

“किती देलं त्याले?”

“काईच नाई. फुकट.”

बुढी हसली. खोकला येईपर्यंत हसली. “मंग आता काहून राबून राह्यला बावा? भेटल्यावर कोनी राबते का?”

“फुकट भेटलं म्हनूनच राबतो. इकत घेतलं असतं तं हिशेब करत बसलो असतो.”

बुढीनं खोकला आवरला. मग म्हणाली, “मले नाई समजत तुहं. मले तं लेकाच्या हातचं पानी भेटलं म्हंजे झालं. मरताना तू देजो. देशीन का?”

“हो माय,” तो म्हणाला. मी ऐकलंय ते, माझ्या कानांनी.

माघ सरत आला तेव्हा बुढीला घरघर लागली. आम्ही सगळे जमलो. खुशालराव उंबऱ्याशी काठी टेकून उभे राहिले. तांब्या भरून ठेवला होता, वर तुळशीचं पान. पार्बताबाईनं डोळे उघडले, देवीदासला ओलांडून पलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “गोवर्धन, पानी.”

गोवर्धनचा हात तांब्याकडे गेला. खुशालरावांनी काठी एकदा जमिनीवर आपटली.

तो थांबला. त्यानं मायकडे पाहिलं, मग आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे. आपण पाणी पाजलं तर ही बुढी या खोलीत तशीच पडून राहील, यांच्यातला एकही पुढे येणार नाही, हे त्याला आमच्या तोंडांवर दिसलं असणार. त्याचा हात मागे आला.

“दादा, तू पाज,” तो म्हणाला. “मायले चार खांदे भेटले पायजेत.”

देवीदासनं तांब्या तिच्या ओठांना लावला. बुढीनं दात आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर गेलं. तिनं गोवर्धनकडे पाहत जीव सोडला, आणि त्यानं सवयीनं तिचा गळा पुसला.

मला त्याचा फार राग आला. आमचाही यायला हवा होता, पण आपला राग माणसाला उशिरा येतो. खांदे द्यायला सारी जात आली. गोवर्धन तिरडीच्या मागे लांबून चालला.

दहाव्याला आम्ही पेढीवर गेलो. वाळूत पिंड मांडला. कावळे बाभळीवर होते, पण खाली एकही उतरेना. ऊन चढलं.

“माय, वाडी इकनार नाई,” देवीदास हात जोडून म्हणाला. कावळा हलला नाही. “तुह्या पाटल्या माणिकले मोडू देनार नाई.” माणिकबाईनं मान खाली घातली. कावळा हलला नाही.

“बुढीचा जीव कोठी अडकला थे समद्यायले मालूम हाय,” खुशालराव शेवटी म्हणाले. “नत्थू, बलाव त्याले.”

गोवर्धन पलीकडच्या काठावर चिंचेखाली बसला होता. मी पाण्यातून जाऊन त्याला घेऊन आलो.

“म्हन, जातीत वापस येतो,” खुशालराव म्हणाले. “नुसतं म्हन बाप्पा. कावळा शिवला की मंग पाहू.”

“माय जिती होती तवा तिच्याशी खोटं बोललो नाई,” गोवर्धन म्हणाला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. “एकडाव बोललो. आता दुसऱ्यांदा नाई बोलत.”

तो वळून नदीत उतरला. ओंजळ भरली. बोटांतून पाणी गळत होतं म्हणून घाईघाईनं आला, वाळूत गुडघे टेकले आणि ओंजळ पिंडावर रिती केली.

“पे माय. माही चूक झाली व. खांद्यायचं पाह्यलं मी, तुही तहान नाई पाह्यली.”

“बाटवला! पिंड बाटवला!” एकच ओरडा झाला. कोणी काठी उगारली. त्या गलक्यातच बाभळीवरचा कावळा खाली आला, ओल्या पिंडाला चोच लावली आणि घास घेऊन उडाला.

मग सगळ्यांनी हात जोडले. खुशालरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं. बुढी सुटली, असं जो तो म्हणू लागला. आणि गोवर्धनचा विटाळ झाला म्हणून सगळे पुन्हा अंघोळीला नदीत उतरले. मीही उतरलो, खोटं कशाला सांगू.

ओल्या धोतरानं मी त्याच्याजवळ आलो. तो वाळूत तसाच बसून होता.

“शिवला ना रे कावळा,” मी म्हणालो. “आता काहून रडून राह्यला? बुढी सुटली.”

“तुमचं बरं हाय, नत्थुभाऊ,” तो म्हणाला. “तुमच्याजोळ कावळा हाय, थो सांगून गेला. माह्या धर्मात नाई थे. देवानं मले माफ केलं असन, थो फुकटच करते. पन मायनं केलं का, थे मी आता कोनाले इचारू?”