शब्द बुवांचा, अर्थ आईचा

हेमंताची पहाट कृष्णाकाठी उतरते ती पाऊल न वाजवता. पाण्यावर धुक्याची धवल दुलई, दुलईखाली नदीचा संथ, श्यामल श्वास. पैलतीरी उसाच्या फडांवर रुपेरी तुरे, आणि पूर्वेला नुसती चाहूल, नुसता गुलाबी संशय. अशा वेळी घाट उतरायला मन निर्मळ लागतं म्हणतात. नसलं तरी चालतं. शाल मात्र लागते.

वैजयंती शाल लपेटून रोज यायची. घाटावरच्या शिवालयात, पाषाणशीतल सभामंडपात, गंगाधरअण्णांचा ध्यानाचा वर्ग भरे. अण्णांनी शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावाला डोळे मिटायला शिकवलं. ध्यानापुरते हो, असं ते स्वतःच हसून सांगत.

वैजयंतीने पन्नाशी ओलांडली होती. संसार नेटका, हाताला चव, बोलण्यात गोडवा. एकच गोष्ट तिच्यापाशी नव्हती. ती गात नव्हती. ना पाळण्यापाशी, ना देवापाशी, ना मोरीवर भांडी घासताना. आरतीत सगळ्यांचे ओठ हलत, तिच्या फक्त टाळ्या वाजत.

आणि गळा तर असा होता की गावाने एकेकाळी त्याची दृष्ट काढली असती!

वेणीतल्या अबोलीच्या वयात ती गाणं शिकवणाऱ्या केदारबुवांच्या माडीवर खर्ज भरायला जायची. पहाटेचा गारवा, तंबोऱ्याचा मधुगुंजारव, खिडकीबाहेर नदी. रोजच्या रोज, तोच एक स्वर, तीच एक तपश्चर्या. आणि एके दिवशी षड्ज लागला. वारा पडल्यावर समईची ज्योत ताठ होते तसा लागला. ना कंप, ना काजळी. स्वर तिच्यातून निघत नव्हता, तीच स्वरातून उमलत होती. समोर बुवा डोळे मिटून बसलेले. त्यांच्या ओठांतून दोनच शब्द पडले.

"राहू दे."

ती थांबली. बुवांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं न पाहिलं, पंचा खांद्यावर टाकला आणि जिना उतरून नदीकडे चालू लागले. तिने तंबोऱ्याला गवसणी घातली आणि घर गाठलं. बुवांनी दोनदा निरोप धाडला. तिने तापाचं निमित्त सांगितलं. बुवा मानी, त्यांनीही पुढे विचारलं नाही. तिचं लग्न गावातच झालं, आणि बुवा समोरून येताना दिसले की ही गल्ली बदलायची. मग एका मार्गशीर्षात बुवा गेले आणि गल्ली बदलायचंही कारण उरलं नाही.

दर वर्षी बुवांच्या पुण्यतिथीला शिष्य घाटावर जमून सूर्योदयाला गात. दर वर्षी बुवांच्या पत्नी, गोदाकाकू, वैजयंतीला बोलावणं पाठवत आणि दर वर्षी हिची कंबर दुखत असे. यंदाचा निरोप मात्र वेगळा होता. "माझं आता पिकलं पान. तुझा षड्ज ऐकल्यावाचून मी जायचं का, तेवढं एकदा येऊन सांग." निरोप ऐकून वैजयंती देवघरात जाऊन बसली. गायला तोंड उघडावं तर ते दोन शब्द आडवे, आणि न जावं तर म्हातारीचा हिरमोड जन्मभर पुरेल. आता कंबरही मदतीला येईना.

अण्णा वर्गात रोज सांगत, "श्वास ओढू नकोस, रोखू नकोस. आहे तसा राहू दे." आणि रोज त्या दोन शब्दांपाशी तिचा श्वास अडे. बाकीचे शांत होत, निवांत होत. कोपऱ्यातले निवृत्त पोस्टमास्तर तर घोरतही. ही मात्र आतल्या आत आक्रसत राही.

कधी ध्यानाआधी अण्णा योगशास्त्रातलं काही सांगत. "शब्द वेगळा, अर्थ वेगळा, आणि ऐकून आपल्या मनात उमटतं ते तिसरंच. तिघांची आपण खिचडी करतो आणि सत्य म्हणून वाढून घेतो. नाही ते आहेसं वाटणं, याचं नाव विपर्यय." वैजयंती मान डोलवायची. मान डोलवायला काय जातं?

पुण्यतिथी तोंडावर आलेली असताना एका पहाटे अण्णा नेहमीसारखं म्हणाले, "आहे तसा राहू दे." काटा नेहमीसारखा रुतला. पण त्या दिवशी ती दचकली नाही, पळाली नाही. काट्याकडे नुसती बघत बसली. कुठे टोचतोय? छातीत. कसा आहे? जुना. कुणाचा आवाज आहे हा?

आणि अंतरंगाच्या त्या निळ्या, निस्तरंग अंधारात तिला आवाज ऐकू आला. तो बुवांचा नव्हता. तो आईचा होता.

पोळी वाकडी झाली की लाटणं हातातून ओढून घेणारी आई: "राहू दे, तुला नाही जमायचं." रांगोळी फिसकटली की, "राहू दे, मी करते." आईच्या मनात पाप नव्हतं, भरभर चालणाऱ्या हातांची, कमी धीराची बाई, एवढंच. पण लेकीच्या कानात त्या दोन शब्दांना आईने नेसवलेलं एकच लुगडं होतं. माडीवर शब्द बुवांचा आला आणि अर्थ आईचा आला. दोन्हींना जोडणारी शिवण वैजयंतीने स्वतः घातली होती, तीही डोळे मिटून.

शब्द एकटा उरला. उघडा, निष्पाप, नुकत्याच न्हालेल्या पोरासारखा. राहू दे. थांब, असं. की राहू दे, असाच राहू दे, सोडू नकोस हा स्वर, असं?

वैजयंती हसली. मोठ्याने, खळखळून, भर ध्यानात हसली. पोस्टमास्तर दचकून जागे झाले.

वर्ग पांगल्यावर तिने अण्णांना सारं सांगितलं. सांगताना रडली आणि रडताना पुन्हा हसली. अण्णा म्हणाले, "अगं, पंगतीत जिलबीवाल्याला 'राहू दे, राहू दे' म्हणणारे थोडे का असतात? त्यातल्या निम्म्यांचा हात पानावर आडवा असतो, निम्म्यांची बोटं फाकलेली. वाढणाऱ्याला कळावं लागतं."

"म्हणजे बुवांना आवडलं होतं, अण्णा! ते म्हणत होते, स्वर धरून ठेव!"

"हळू, बाई, हळू." अण्णांचा आवाज मऊ झाला. "बुवांच्या मनात काय होतं ते तुला तेव्हा कळलं नाही. आज तरी कुठे कळलंय? एक भाडेकरू निघाला म्हणून त्याच दिवशी दुसरा आणून बसवू नकोस. पहिला कडू होता, हा गोड आहे, पण भाडेकरूच. घर जरा मोकळं ठेव. वारा खेळू दे."

हे तिला मुळीच आवडलं नाही. इतक्या वर्षांनी हाती आलेली खडीसाखर कोण परत करतं? ती रागारागाने घरी गेली. पण मग रोज सकाळी बसली, आणि रोज ती खडीसाखर थोडी थोडी विरघळू दिली. मागे उरलं ते ना कडू, ना गोड. मोकळं होतं.

पुण्यतिथीच्या पहाटे ती घाटावर आली तेव्हा शिष्य तंबोरे जुळवत होते. गोदाकाकूंना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. कानटोपीत एवढासा चेहरा, चेहऱ्यात टपोरे डोळे. त्यांनी वैजयंतीचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"वैजू, त्या दिवशी हे नदीवरून परत आले ना, ते मला काय म्हणाले ठाऊक आहे तुला?"

अर्ध्या आयुष्याचं उत्तर त्या सुरकुतल्या ओठांवर येऊन थांबलं होतं. हात पसरला की मिळणार होतं.

"नाही काकू," ती म्हणाली. "मला ठाऊक नाही."

किती साधं वाक्य! पण ते उच्चारताना तिचे खांदे उतरले, कणा ताठ झाला, आणि तिला तिचंच नाव पहिल्यांदा शोभून दिसलं.

"सांगू?"

"गाऊन झाल्यावर सांगा. नाही सांगितलंत तरी गाणार आहे मी."

काकू बोळकं पसरून हसल्या. "बस मग. उशीर झालाय."

पहिला स्वर खरखरला. वर्षांचा गंज होता, तो निघणारच. कुणीतरी चुळबुळलं. ती थांबली नाही, शरमली नाही; पुन्हा श्वास घेतला, पुन्हा स्वराला हाक दिली. आणि षड्ज आला. गंभीर आला, गर्भरेशमी आला, पोक्त आणि पाणीदार आला. मुलीचा नव्हे, बाईचा; जिने बाळंतपणं काढली, माणसं पोचवली, उन्हाळे सोसले, तिचा. घाटाच्या दगडांनी तो झेलला, देवळाच्या घुमटाने तो दुप्पट केला, आणि सूर्यबिंब फुटताना तो सोनेरी होऊन पाण्यावर पसरला. धुणं आपटणाऱ्या बायकांचे हात वरच्या वर थांबले. म्हशी धुणारा गडी गुडघाभर पाण्यात उभा राहिला. काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

पुढे काकू सांगायचं विसरल्या, आणि वैजयंती विचारायचं विसरली. पण ते पुढचं. आत्ता ती गात होती. कुणासाठी नव्हे, कुणाविरुद्ध नव्हे, कशाच्या आधाराने नव्हे. ऐलतीर उजळला, पैलतीर उजळला. नदीला दोन काठ होते. त्या स्वराला एकही नव्हता.