एसडीबी नावाची डिस्क

सिकलसेल केंद्राच्या सर्व्हरमधून महिनाभराच्या रक्ततपासण्या गेल्या आणि खापर फुटलं लालसूभाऊंच्या डोक्यावर.

आलापल्लीपलीकडच्या गावांत जाऊन रक्त घ्यायचं, केंद्रात तपासायचं, निकाल सर्व्हरवर चढवायचे, असं काम होतं. ज्यावर रुग्णाला औषध मिळायचं, ती त्या महिन्याची निकालाची कार्डं अजून छापायची होती. तेवढ्यात वादळ झालं, लाइन गेली. सर्व्हर सांभाळणारी नाजिया तेव्हा बल्लारपूरला आईकडे होती. लाइन आल्यावर केंद्रातले परिचर लालसूभाऊ यांनी देखभालीच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या आदेश नावाच्या इंजिनिअरनं सांगितलं तसं मशीन चालू करायचं बटण दाबलं. त्यांनी केलं ते एवढंच.

आता तोच आदेश नागपूरहून येऊन केंद्रप्रमुख गुणवंतरावांसमोर बसला होता. "कोणीही मशीनले हात लावते सर, मग डेटा जाणारच."

"साहेब, दाबा म्हणून तुमीच तर सांगतलं," दाराशी उभे असलेले लालसूभाऊ म्हणाले.

गुणवंतरावांनी मान वर केली नाही. "लालसू, तू उद्यापासून येऊ नको."

नाजियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी परत आल्यापासून ती मशीनच्या पोटात शिरून बसली होती. काय झालं ते तिला पुरतं कळलं होतं.

"थांबा सर. आधी ऐकून घ्या. आत तीन डिस्क आहेत. एकीत सिस्टीम, दुसरीत आपला डेटा, तिसरीत दर महिन्याला काढलेली त्याची नक्कल. मशीन त्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी म्हणते. पण ही नावं डिस्कवर कोरलेली नसतात. चालू होताना जी आधी सापडेल तिला आधीचं अक्षर. दवाखान्यातल्या चिठ्ठीसारखं, आज तुमचा नंबर दुसरा, उद्या तिसरा. या वेळी नकलेची डिस्क आधी सापडली, ती झाली एसडीबी. खरा डेटा झाला एसडीसी. महिना भरला होता, म्हणून मशीन चालू होताच यांचा नक्कल काढायचा प्रोग्रॅम आपोआप चालला. आणि त्यात काय लिहिलंय? एसडीसी पुसा, एसडीबीवरचं तिच्यावर उतरवा. त्यानं आपला खरा डेटा पुसला आणि महिन्यापूर्वीचा जुना त्यावर चढवला."

"असं होत नसते मॅडम," आदेश हसला. "इतके वर्षं झाले, नावं कधीच बदलले नाई."

"मग पाहूच. लालसूभाऊ, या इकडे. दाबा बटण."

पहिल्यांदा नावं नेहमीचीच आली. पुन्हा दाबलं, तरी तीच. आदेश खुर्चीला रेलला. गुणवंतराव घड्याळाकडे पाहू लागले. नाजिया हटली नाही. "अजून एकदा, भाऊ."

या वेळी तिनं पडद्यावर बोट ठेवलं. डिस्कचे कारखान्यातले क्रमांक तेच होते, फक्त दोघींची नावं अदलाबदल झाली होती.

"हे आमचं नाई," आदेश सावरून बसला. "सिस्टीमच तशी आहे."

"सिस्टीम तशी आहे हे माहीत होतं, तरी तुम्ही तेच नाव लिहिलं! प्रत्येक डिस्कला एक कायमची ओळख असते, लांबलचक, कधी न बदलणारी. ती लिहायची असते. मी मागेच सांगितलं होतं, तर तुम्ही म्हणालात, चालते. आणि आज या माणसाची रोजीरोटी घ्यायला निघालात?"

शेवटी गुणवंतराव पुटपुटले, "बरं, लालसूला कामावर राहू दे." माफी कोणीच मागितली नाही. आदेश चहा न घेताच गाडीत बसला. नाजियानं कंपनीची वाट न पाहता प्रोग्रॅम स्वतः बदलला.

पण रक्त पुन्हा घ्यावंच लागणार होतं. नाजिया हट्टानं पथकाबरोबर गेली. एका गावात मंगली नावाची बाई मुलीला, रिनाला, पदराआड धरून उभी राहिली.

"मांगच्या बारी देल्लं थे रगत कुठी गेलं?"

लालसूभाऊ माडिया बोलीत काही समजावू लागले. नाजियानं त्यांना थांबवलं. "बाई, तुमचा निकाल आमच्याकडून हरवला. तुमची काहीच चूक नाही."

"पोरगी आठ दिस हातपाय दुखून कन्हत होती. आमी म्हटलं, कारड येईन तवा दवा भेटन. कारड कुठी आलं?"

"या वेळी कार्डाची वाट पाहायची नाही, लागल्या तर गोळ्या आम्हीच आणून देऊ," नाजिया म्हणाली. तेव्हा मंगलीनं रिनाचा हात पुढे केला.

निकाल सिकलसेलचाच आला. महिन्यापूर्वीही तोच आला असणार. लालसूभाऊ दुसऱ्याच दिवशी गोळ्या घेऊन गेले आणि कशा द्यायच्या ते मंगलीला तिच्या बोलीत सांगून आले.

त्याच दुपारी गुणवंतरावांनी नाजियाला बोलावलं. न विचारता प्रोग्रॅमला हात लावला म्हणून कंपनीची तक्रार आली होती. "त्यांना एक फोन कर," ते म्हणाले. "चुकलं म्हण, विषय संपव."

"मी नाही म्हणणार, सर," नाजिया म्हणाली. "फोन त्यांनी करायचा. मंगलीबाईंना."