मापाचं झंपर

शिवण मशीनखाली निम्मीच होते, उरलेली निम्मी इस्त्रीखाली होते, असं नागाप्पा टेलर म्हणायचा. म्हणजे मनाशीच म्हणायचा, कारण मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती. गंगावेशीतल्या आपल्या चिंचोळ्या दुकानात तो शिवणीगणिक मशीनवरून उठे, कापड उलटं करी, शिवणीच्या दोन्ही कडा बोटांनी फाकवी, वर ओलं फडकं पसरी आणि कोळशाची इस्त्री न ओढता नुसती टेकवून उचली. इस्त्री ओढली की कापड ताणतं आणि शिवणीला चुण्या पडतात, हे तो वडिलांकडून शिकला होता.

बायकांची झंपरं शिवण्यात त्याचा जन्म गेला, पण एकाही बाईच्या अंगाला त्यानं टेप लावली नव्हती. बायका आपलं जुनं, नीट बसणारं झंपर मापाला आणून देत. ते फळीवर पसरायचं आणि त्याबरहुकूम नवं कापायचं. गिऱ्हाइकाकडं मान वर करून बघायची वेळ येत नसे, आणि ते त्याच्या स्वभावाला सोयीचंच होतं.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मुरगूडची चिमणाबाई आली. तिची झंपरं लग्नापासून नागाप्पाच शिवत आला होता. ह्या खेपेला तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता आणि पिशवीतलं सगळं उजव्याच हातानं काढत होती.

"आमच्या मोनाचं लगीन ठरलं, मामा. इचलकरंजीचं पावणं हाईत." तिनं हिरवं रेशमी कापड फळीवर ठेवलं, त्यावर मापाचं जुनं झंपर. "आईनं ववाळायचं असतंय, हात वर करायला लागतोय. चारचौघांत नीट दिसाय पायजे."

"दिसंल की. पर वैनी, तुमी जरा उतरलाय जणू. ह्या मापानं सैल व्हईल."

"न्हाय न्हाय. त्याच मापानं शिवा."

नागाप्पानं त्याच मापानं शिवलं. चिमणाबाई पडद्यामागं जाऊन घालून आली, पदर तसाच घट्ट. "डाव्या अंगाला गोळा हुतंय, मामा," ती खाली बघत म्हणाली.

तिनं काढून दिलेलं झंपर नागाप्पानं फळीवर पसरलं. डावी शिवण उजवीसारखीच सपाट होती, चुणी म्हणून नव्हती. तरी गिऱ्हाईक खोटं कशाला बोलेल? दोऱ्याचा ताण जास्त झाला असेल, सुई बोथटली असेल. त्यानं डावी बाजू उसवली, मशीनचा ताण सैल केला, नवी सुई घातली, पुन्हा शिवलं, पुन्हा इस्त्री टेकवली. पुढच्या बाजाराला चिमणाबाई आली, पडद्यामागं बराच वेळ थांबली आणि बाहेर येऊन तेच म्हणाली. पुन्हा यायचा वार ठरवून ती एसटीला गेली.

शेजारी टेलिफोनचं बूथ चालवणारा बाळासो हे सगळं बघत होता. "नागाप्पा, चष्म्याचा नंबर वाढला जणू. आता उशीच्या खोळी शिवा. त्यास्नी अंग नसतंय, तक्रार न्हाई."

नागाप्पा हसला, पण ते त्याला लागलं. रेशीम सारखं उसवता येत नाही. सुईची भोकं उरतात, ती इस्त्रीनं बुजत नाहीत. डाव्या बाजूला आता भोकांची बारीक रांग दिसायला लागली होती. लेकीच्या लग्नाचं कापड आपल्या हातानं नासलं. हात संपला आपला, त्याला वाटलं. वडिलांचाही असाच संपला असेल आणि आपल्याला कळलं नसेल. कापडाची भरपाई द्यावी आणि दुसऱ्या टेलरकडं जा म्हणून सांगावं, असं ठरवून त्यानं शेवटचं म्हणून अस्तर उलटं केलं. डाव्या बाजूला, छातीला गोलाई देणाऱ्या चिमटीत, कापसाचा पुंजका अडकला होता.

"हे कुठनं आलं?" तो बोटांनी ओढायला लागला. "गादीचा कापूस दिसतोय."

मागच्या खोलीत झंपरांना हुक लावत बसलेली त्याची बायको शांतव्वा उठून आली. तिनं पुंजका बोटांत चोळला.

"गादीचा न्हाय हा. औषधाच्या दुकानातला हाय." आवाज खाली आणून ती म्हणाली, "आमच्या शिवक्काचं आठवतंय का? मिरजेस्नं छातीचं ऑपरेशन करून आणल्यावर ती बी असाच कापूस भरायची."

नागाप्पानं झंपराची डावी बाजू पुन्हा चाचपली. कापूस सरकत होता आणि त्यावरचं रेशीम गोळा होत होतं. शिवण जागच्या जागी होती. खाली जे असायचं तेच नव्हतं.

"मग सांगायचं की तिनं," तो पुटपुटला.

"कुणाला? तुमाला?" शांतव्वा म्हणाली. "आनि लेकीचं लगीन तोंडावर हाय. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, आईचं दुखणं लेकीला येतंय. शिवक्काच्या पोरीला दोन ठिकाणास्नं नकार आलाच की."

ठरल्या वारी चिमणाबाई आली तेव्हा नागाप्पा उभाच होता. "वैनी, माझं माप चुकलंय," तो फळीकडं बघत म्हणाला. "आत शांतव्वा नव्यानं घेईल. मी जरा शेजारी बसतो."

चिमणाबाईनं एकदा आतल्या दाराकडं बघितलं. मग तिनं चपला काढल्या आणि आत गेली. नागाप्पानं दार लोटून घेतलं आणि बाळासोच्या बूथात जाऊन बसला. "काय ओ, दुकान सोडून?" बाळासोनं विचारलं. "पाय आखडलं," नागाप्पा म्हणाला.

शांतव्वानं हाक मारली तेव्हा चिमणाबाई गेली होती. फळीवर गाठी मारलेले दोरे होते. टेपवरचे आकडे शांतव्वाला वाचता येत नसत.

"हा उजव्या अंगाचा. हा डाव्याचा. हा खाकंपास्नं खाली." तिचे डोळे लाल दिसत होते.

"काय म्हणाली?"

"रडली जरा. म्हणली, मामांचा हात चांगला हाय, मीच त्यास्नी उगं उसवाय लावलं."

नागाप्पानं चष्मा पुसला. दोन्ही अंगांचे दोरे शेजारी शेजारी धरले. एवढ्या वर्षांत त्यानं झंपराच्या दोन बाजू कधी वेगळ्या कापल्या नव्हत्या.

भोकं पडलेला तुकडा त्यानं काढूनच टाकला. बाह्या आखूड केल्या आणि त्यातून निघालेल्या कापडात, एक जोड बगलेखाली लपवून, डावी बाजू नव्यानं बसवली. अस्तराच्या दोन थरांत कापूस घालून बारीक हातटाक्यांनी असा गुंतवला की हात कितीही वर गेला तरी तो हलू नये. मग इस्त्रीची अडचण आली. ही शिवण फळीवर सपाट बसेना. त्यानं जुन्या चिंध्यांची घट्ट गुंडाळी केली, झंपर तिच्यावर पालथं घातलं आणि त्या गोलाईवर इस्त्री टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत गेला. निखारे विझेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं.

चिमणाबाई पडद्यामागून आली तेव्हा पदर नेहमीसारखा एकाच खांद्यावर होता. भिंतीवरच्या आरशासमोर तिनं ओवाळल्यासारखे हात वर केले. डावा हात खांद्यापर्यंतच गेला. ती वळली.

"मामा, गोळा हुतंय का?"

नागाप्पाची मान सवयीनं खाली गेली. पण झंपर आज फळीवर नव्हतं. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं. शिवण बगलेपासून कमरेपर्यंत न ओढता उतरली होती.

"न्हाय, वैनी. नीट बसलंय."

"बघा हां."

"बघितलं की."

तिनं हात खाली घेतले. जाताना शांतव्वानं मापाचं जुनं झंपर तिच्या पिशवीत घालायला घेतलं, तर तिनं ते परत फळीवर ठेवलं. "ऱ्हाऊ दे. इस्त्रीच्या फडक्याला व्हईल. सुती हाय, पानी धरतंय."

दुसऱ्या दिवशी शांतव्वानं ते उसवून त्याचं फडकं केलं. त्याच सुमारास मापाचं झंपर घेऊन एक बाई आली. नागाप्पानं ते हातात घेतलं, पण पसरलं नाही.

"हे असू दे, आक्का," तो म्हणाला. "पर आधी आत जावा. शांतव्वा माप घेईल."