फ्रीजची सभा

आईच्या शर्टांच्या कारखान्यात यंदा एकच फ्रीज आला. रशियन, पांढराशुभ्र. तो कुणी विकत घ्यायचा हे ठरवणार सभा. आमच्याकडे असंच असतं: वस्तू आली की आधी भांडण, मग मतदान. ज्याचे गुण जास्त, त्याला फ्रीज. ऊसतोडीला गेलात? गुण. रक्त दिलंत? गुण. नवरा अंगोलाच्या लढाईवर? त्याचेही गुण. म्हणजे बाबांनी तिकडे लष्कराचे ट्रक हाकता हाकता इकडे आम्हाला अर्धा फ्रीज मिळवून दिला होता, आणि उरलेला अर्धा आईनं स्वतः ऊस तोडून. आडवी येणार होती ती फक्त ओब्दुलिया. ती कारखान्यात कापड कापते आणि राहते आमच्या बरोब्बर समोर, त्यामुळे आमच्याकडे काय शिजतंय ते तिला आमच्या आधी कळतं.

फ्रीज आम्हाला हवाच होता. घरातला अमेरिकन फ्रीज माझ्याहून म्हातारा. गेल्या उन्हाळ्यात तो कायमचा बंद पडला, आता त्यात आम्ही चपला ठेवतो. आमच्या सिएनफुएगोस शहराच्या उकाड्यात सकाळी आणलेलं दूध दुपारी नासतं. रात्रीचा भात सकाळी आंबतो. थंड पाणी प्यायचं तर चार घरं पलीकडे जाऊन हसतमुखानं मागायचं, आणि हसतमुख असणं आमच्या आईला जमत नाही.

आणि नेमक्या सभेच्या दिवशी, शनिवारी सकाळी, मायामीहून मावशी आली.

सोराइदा मावशी, आईची थोरली बहीण. क्रांतीनं त्यांचं कापडाचं दुकान सरकारजमा केलं म्हणून ती आणि तिचा नवरा देश सोडून गेले. तेव्हा मी नुकती बोलायला लागले होते (आई म्हणते, ती चूकच झाली). गेलेल्यांना आम्ही किडे म्हणायचो. यंदा सरकारनंच त्यांना आठ दिवस घरच्यांना भेटायला यायची परवानगी दिली, आणि तेव्हापासून त्यांना काय म्हणायचं हे कुणालाच धड ठाऊक नाही.

टॅक्सी थांबली. समोरची खिडकी उघडली. आई दारात हात आडवे धरून उभी.

"हॉटेलात उतरणार होतीस ना तू?"

"तेरा वर्षांनी बहीण दिसते आणि हे विचारतेस?"

"हळू बोल."

"का? समोरच्या बाईला कमी ऐकू येतं का?"

आईनं तिला आत ओढलं आणि दार लावलं. आमच्या गल्लीत भरदिवसा दार लावणं म्हणजे भोंग्यावरून जाहीर करणं.

मावशी बॅग उघडायला वाकली.

"हात नको लावूस," आई म्हणाली. "त्यातलं काही या घरात राहणार नाही. टाचणीसुद्धा नाही."

"पोरीला बूट आणलेत."

"पोरीला बूट आहेत."

होते. बोटं चिमटत होती, पण मीही म्हटलं, "आहेत."

मी कॉफी दिली. मावशीनं एक घोट घेतला आणि तोंड असं केलं, जसं काही मी तिला इंजिनाचं तेल पाजलं.

"यात वाटाणे दळून घातलेत?"

"नाही," मी म्हटलं, "वाटाण्यांत थोडी कॉफी आहे."

ती पाण्यासाठी उठली, तिनं फ्रीज उघडला, आणि आतल्या चपला बघून हसायलाच लागली. "अगं, हा आपल्या आईनं आणला तेव्हा बघायला अख्खी गल्ली जमली होती! काय वाट लावलीत तुम्ही लोकांनी! प्रत्येक गोष्टीची!"

आता मी काही गप्प बसणारी मुलगी नाही. पूर्वी होते. यंदा शाळेच्या वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून गप्प बसणं सुटलं.

"मावशी, तुम्ही ऐका," मी म्हटलं (तुम्ही मुद्दाम), "याची मोटर जळली. मोटर मिळते तुमच्या त्या देशात. तुमचं सरकार आम्हाला स्क्रूसुद्धा विकत नाही, दुसऱ्यानं विकला तर त्यालाही दम देतं. आणि वर तुम्ही येऊन विचारणार, फ्रीज का बंद? आमचा गळा दाबायचा आणि म्हणायचं, पोरगी गात का नाही!"

"हे कुणी शिकवलं हिला?"

"शाळेनं," आई म्हणाली. "फुकट."

"फुकट नाही. माझ्या दुकानानं शिकवलं असं सांग."

तिनं फ्रीजचं दार लावलं. मावशीचा आवाज आला तो वेगळाच. "आई गेली ते मला चार महिन्यांनी कळलं, एनेइदा. मासळीच्या दुकानात, एका परक्या बाईकडून. तुला एक तार करता आली नाही?"

"केली असती तर कारखान्यात विचारलं असतं, तिकडच्यांशी संबंध आहे का म्हणून."

"मग?"

"मग नोकरी गेली असती. मग या पोरीचं काय? आणि आई गेली ती माझ्या मांडीवर. तिकडे बसून रडायला काय जातं तुझं!"

मावशीनं बॅग उचलली, आतल्या खोलीत गेली आणि आजीच्या पलंगावर बसली. "मी इथेच झोपणार. बोलव पोलीस."

"मी सभेहून येईन तेव्हा तू इथे दिसता कामा नयेस," आई म्हणाली आणि केस बांधायला लागली.

सभा शिवणयंत्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. घरच्यांना मागची बाकं. युनियनचे नेमेसिओ कानामागे पेन्सिल खोचून बसले होते. गुण मोजले गेले आणि आई नि ओब्दुलिया अगदी बरोबरीत आल्या.

"आता टीका," नेमेसिओ म्हणाले.

टीका तोंडावर करायची, योग्य जागी, योग्य वेळी. हे आम्हाला पहिलीपासून शिकवतात. ओब्दुलिया उठली.

"कॉम्रेड एनेइदाबद्दल माझ्या मनात काही नाही." म्हणजे होतं. "पण आज तिच्या दारात टॅक्सी थांबली. म्हशीएवढी बॅग आत गेली. ज्यांच्या घरी मायामी स्वतः चालत येते त्यांनाच फ्रीज द्या, आणि आम्ही बसतो जिभेला वारा घालत!"

बाया हसल्या.

"मी त्यातली टाचणीही घेतलेली नाही," आई म्हणाली.

"बॅग आत जाताना दिसली. बाहेर येताना नाही दिसली."

"एनेइदा," नेमेसिओ थकलेल्या आवाजात म्हणाले, "त्या बाईशी तुमचा काही संबंध?"

या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. नोकरी लागताना, मुलांना शाळेत घालताना, लोक ते पायपुसण्यावर पाय पुसावेत तसं देतात. खरं कुणीच मानत नाही. पण एकदा बोललं की प्रकरण मिटतं.

"मला बहीण नाही," आई म्हणाली.

नेमेसिओंनी मान डोलावली. ओब्दुलिया खाली बसली. फ्रीज आमचा झाला होता! मला घशात गार पाणी उतरल्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी पलंगावर बसलेली ती तोंडाळ बाई डोळ्यांपुढे आली, आणि मी उभी राहिले.

"आहे."

"नियुर्का, खाली बस," आई दातांतून बोलली.

"टीका योग्य जागी करायची ना? मग ही जागा. आईला बहीण आहे. उद्धट आहे, दुकान दुकान करून डोकं उठवते, मला ती अजिबात आवडलेली नाही. पण आहे. आत्ता आजीच्या पलंगावर बसलीय. आईनं तिच्याकडून काही घेतलं नाही, तिला धड घरातही घेतलं नाही. याहून चांगली कॉम्रेड आणणार कुठून तुम्ही? आणि एवढं खरं सांगून फ्रीज मिळणार नसेल तर..."

"तर काय गं?" ओब्दुलिया.

"तर तुम्हीच न्या, आणि त्यात तुमची जीभ ठेवा!"

मला वाटलं होतं, टाळ्या पडतील. वक्तृत्वात पडल्या होत्या. इथे नेमेसिओंनी टेबल बडवलं, कुणीतरी "पोरीला बाहेर काढा" म्हणालं, आणि हात वर झाले ते ओब्दुलियासाठी. आईच्या बाजूनं बोटांवर मोजण्याइतके. माझी आई मान ताठ ठेवून समोरच्या यंत्राकडे बघत राहिली.

घरी येताना ती माझ्या पुढे चालली. मी दोनदा "आई" म्हटलं. दोन्ही वेळा तिनं वेग वाढवला. माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही, पण ते तिला सांगायची ही वेळ नव्हती एवढं मलाही कळलं.

मावशी तिथेच होती. बूटही काढले नव्हते. आई खोलीच्या उंबऱ्यात थांबली.

"फ्रीज गेला," ती म्हणाली. "तुझ्यापायी. आणि या टवळीच्या तोंडापायी. मला बहीण आहे असं सगळ्या कारखान्याला सांगून आली ही."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"मग जाऊ मी हॉटेलात?"

"आता? फ्रीज घालवून? खबरदार! आठही दिवस इथे राहायचं. पाणी पहाटे येतं, बादल्या तू भरायच्यास. आणि कॉफी मिळेल ती प्यायची, तोंड वाकडं न करता."

मावशीनं बूट काढले, पाय वर घेतले आणि सरकली. "लहानपणापासून भिंतीकडची बाजू माझी."

"होती," आई म्हणाली. "सरक तिकडे."