नाव नव्याचं, वेळ जुन्याची

खरं सांगा, विश्वास कोणावर ठेवाल? तोंडाने सांगणाऱ्या माणसावर, की पडद्यावर आकडा दाखवणाऱ्या माझ्यासारख्यावर? माझ्यावर म्हणत असाल, तर जरा थांबा.

मी संगणकाच्या प्रोग्रॅममधला, वेळ मोजणाऱ्या चार ओळींचा तुकडा बोलतोय. सुरुवातीची वेळ टिपायची, फंक्शन, म्हणजे एखादं काम करून देणारा कोड, चालवायचं, शेवटची वेळ टिपायची आणि दोन्हींतला फरक नावासकट छापायचा. एवढाच माझा जीव. मला लिहिलं एका नटबोल्टच्या व्यापाऱ्याने. गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसल्या बसल्या तो स्क्रिप्ट लिहायला शिकला. माणूस गोड, बोलका. पण खोड वाईट. एकदा चाललेली गोष्ट उचलायची आणि दुसरीकडे डकवायची.

बिल करणाऱ्या फंक्शनपाशी मी, साठा तपासणाऱ्यापाशी मी, किंमत शोधणाऱ्यापाशीही मीच! जिकडे बघावं तिकडे माझंच तोंड. वीट आला मला.

त्यात किंमत शोधायला फार वेळ लागू लागला. गिऱ्हाइकं ताटकळून समोरच्या दुकानात शिरू लागली. व्यापाऱ्याच्या भाचीने शोधाचं नवं फंक्शन लिहून आणलं.

"मामा, हे झटकन शोधतं."

"नुसती बडबड नको, आकडा बघू. फरक पडला नाही, तर तू गोदाम सांभाळ. हे काम मी बाहेर देतो."

मामाने मला जुन्या शोधापासून उचललं, नव्यापाशी डकवलं, छापायचं नाव बदलून 'नवा शोध' केलं. तेवढ्यात फोन वाजला. बोलून परत आला तो थेट चालवायलाच बसला. फंक्शन चालवणारी मधली ओळ तशीच राहिली, जुनी! मी जुन्यालाच पळवलं आणि नव्याच्या नावावर वेळ छापली. दोन्ही आकडे जवळपास सारखे.

"बघ, डबा नवा, माल तोच!" मामा हसला.

पोरीचा चेहरा उतरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं मी बोललो नव्हतो हो. माझ्याकडून बोलवून घेतलं होतं!

तिने गोदामाच्या किल्ल्या उचलल्या. पण निघण्याआधी पडद्यापाशी वाकून एकेक ओळ वाचली.

"मामा, दुकानात तराजू किती?"

"एक. का गं?"

"खिळ्यांना वेगळा, वायसरांना वेगळा असं का नाही?"

"डोकं फिरलंय का माझं? एवढे तराजू तपासत कोण बसणार?"

"मग ह्या एवढ्या नकला कोण तपासतंय?" तिने त्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं.

मामाने ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "आयला," एवढंच म्हणाला.

पोरीने माझ्या सगळ्या नकला पुसल्या आणि मला एकदाच, नीट लिहिलं. आता कुठलंही फंक्शन माझ्या हाती द्या. मी तेच चालवतो आणि नावही त्यालाच विचारून छापतो. नव्या शोधाची वेळ छापली, तेव्हा जुना त्याच्यापुढे लंगडा दिसला.

"ठेव त्या किल्ल्या," मामा खाली बघत म्हणाला, "आणि बस इथे गल्ल्यावर."

माझा राग मात्र अजून गेलेला नाही. नवी फाइल उघडली की मामाचा हात आजही नक्कल मारायला वळवळतो. भाची नुसती खाकरते, मग तो थांबतो. तुमच्या शेजारी खाकरणारं कोणी नसेल, तर एवढं ऐका: ज्याला पळवलं, त्याचीच वेळ त्याच्या नावावर मांडा. हिशेब खरा ठेवा.