मेटाशेजारचं टिंब

वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतेय मी. शब्दाच्या सुरुवातीला जोडलेला तुकडा ओळखा, निम्मा अर्थ हातात येतो, असं मुलांना घसा कोरडा पडेस्तोवर सांगते. आणि घरात सांगायची वेळ आली तेव्हा शेण खाल्लं.

चार महिन्यांपूर्वी बाबांचा कॅन्सरचा रिपोर्ट आला. चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, "मास्तरीणबाई, या मेटॅस्टॅसिसमधलं मेटा म्हणजे काय गं?"

"ग्रीक आहे. मेटा म्हणजे बदल," मी म्हटलं. "औषधानं बदल दिसतोय, एवढंच."

बदल हा अर्थ खोटा नव्हता. पण मेटा म्हणजे पलीकडेसुद्धा. दुखणं आपली जागा सोडून पलीकडे, हाडांत गेलं होतं. ते मी गिळून टाकलं.

"वा! मग बरा झालो की तुझ्या आत्याकडे जाऊ," बाबा म्हणाले. "अकरा वर्षांचा अबोला माझ्यामुळे, तिच्या घराचा जिनाही मीच चढायला हवा."

"जाऊ की, घाई काय!" मी म्हटलं. आता त्यांना कुशीवर वळवायलाही माणूस लागतो.

काल निबंध तपासताना त्यांचा जुना इंग्रजी शब्दकोश काढला. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. कोशात शब्द पाहिला की शेजारी पेन्सिलीनं टिंब आणि तारीख, ही त्यांची जन्माची खोड. मेटाशेजारी टिंब होतं. तारीख रिपोर्ट आला त्याच दिवसाची.

कोश घेऊन तशीच त्यांच्या खोलीत गेले. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवून पान छपाईला सोडलंय का मी कधी?"

"मग आत्याकडे ने, असं का नाही म्हणालात? उचलून नेलं असतं हो!"

"बरा झाल्यावर जायचं ठरलं होतं ना. आधीच निघालो असतो, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. किती कष्टानं हसत होतीस, बाई."

मला रडू आवरेना. "माझं चुकलं, बाबा."

"चुकलं खरं," ते म्हणाले. "आता फोन लाव. म्हणावं, दादाला जिना चढवत नाही, तूच ये." मी नंबर शोधत होते, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "आणि काय झालंय विचारलं, तर तिला सगळं सांग."