धोंडीची बाळुती

लंकाबाईला तिसरं लेकरू झालं तेव्हा घरात कुणी साखर वाटली नाही. पोर जन्मली तशी साळुबाईने, म्हणजे लंकाच्या सासूने, तिला सुपात घातली आणि थेट उकिरड्यावर नेऊन ठेवली. शेजारच्या प्रयागबाईने पसाभर कोंडा देऊन ती ‘विकत’ घेतली आणि नको झाल्यासारखी परत लंकाच्या ओटीत टाकली. नाव ठेवलं धोंडी. आधीची दोन लेकरं दुसरा महिना सरायच्या आत हगवणीने गेली होती, आणि जिथे पोर जगत नाही तिथे आमच्या बोरी गावात तेव्हा असंच करत. टाकून दिलेल्या वस्तूला कोण हात लावतो, असा हिशेब.

साळुबाईचा हिशेब त्याच्याही चार पावलं पुढे होता. “आधीची दोन्ही लोण्याच्या गोळ्यावानी ठिवली,” ती म्हणायची. “न्हाऊमाखू, धुतलेली बाळुती, काजळ, तीट. नेली का न्हाई त्यानं? हिला तसली थेरं नगं. वली ऱ्हाऊ दे, वंगाळ दिसू दे.” म्हणजे पोरीने बाळुतं भिजवलं तरी बदलायची घाई करायची नाही. लंकाच्या नवऱ्याने, गेणूने, बेल्ह्याच्या बाजारात हस्तीमलशेटच्या दुकानातून नवी कुंची आणली, तर म्हातारीने ती त्याच्याच अंगावर फेकली. “तुझ्या डोस्क्यात घाल,” म्हणाली. यमाला फसवायला निघालेलं माणूस पोटच्या पोराचं काय ऐकणार!

लंका यातल्या कशालाही नाही म्हणाली नाही. हो सुद्धा म्हणाली नाही. दुसरं लेकरू पुरलं त्या दिवसापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. पाणी शेंदायचं, भाकरी थापायची, तशी पोरीला अंगावर पाजायची, आणि बघायचं भिंतीकडे. दोन्ही लेकरांमागे ती रडली नव्हती. बायका म्हणत, लंका धीराची हो. न रडणाऱ्या बाईला धीराची म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

पंधरा दिवसांत पोरीच्या जांघा लाल झाल्या, मग ढुंगणाचं कातडं सोलवटलं. मूत लागलं की ती अशी किंचाळायची की दावणीची म्हैस मान वळवून बघायची. लंका ऐकत बसायची. शेवटी एक दिवस सासू नदीवर गेल्यावर तिने बाळुतं सोडलं. माया म्हणून नव्हे, तो आवाज कानातून जात नव्हता म्हणून. कोमट पाण्याने पुसलं, न घासता नुसतं टिपून कोरडं केलं, घटकाभर उघडं ठेवलं, आणि काशाच्या वाटीत पाण्याने फेटून धुतलेलं तूप बोटाने लावलं. दोन लेकरांचं करून हात शिकलेले होते, ते आपोआप चालले. जुन्या लुगड्याचा मऊ पदर तिने बाळुत्यांसाठी फाडला. राखेच्या पाण्याने धुतलेलं कापड कातड्याला चावतं, म्हणून ती फडकी नुसत्या पाण्यात खळखळून धुवायची आणि गोवऱ्यांच्या ढिगामागे चोरून वाळत घालायची. सासूची पाठ वळेल तेव्हा एवढं व्हायचं. त्यानेही कातडं भरून येऊ लागलं.

सव्वा महिना सरला आणि लंका बाजरीच्या सोंगणीला निघाली. पोर साळुबाईपाशी. आता दिवसभर ओल्यात पडेल, लंकाला वाटलं, आणि ती विळा घेऊन गेली.

दुपारी पाजायला आली तर पोर झोपेत होती. दोन घुटके घेतले आणि सोडून दिलं. बाळुत्याला हात लावला तर सकाळी तिने गुंडाळलेलं तेच, आणि कोरडं ठणठणीत.

बरं झालं, असं म्हणून ती शेतात परतली. सोंगायला बाजरीची एक पात, एक ओळ, धरली आणि हात थांबला. दुसऱ्याचं असंच झालं होतं. हगवणीने अंगातलं पाणी गेलं आणि शेवटच्या दिवशी बाळुतं सकाळपासून कोरडं होतं. हगवण थांबली म्हणून तेव्हाही तिला बरंच वाटलं होतं. दिवेलागणीला ते गेलं.

विळा तिथेच टाकून लंका पळाली. बांधावरून, काट्यांतून, डोक्यावरचा पदर कुठे गेला तिला कळलं नाही. तिला भीती वाटत होती! कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटत होतं, आणि ते असलं.

घरामागे साळुबाई पाय पसरून बसली होती. मांडीवर उन्हात उघडी पोर, बाजूला तुपाची वाटी. कुंपणावर मऊ सुती फडकी वाळत होती. भरल्या वयात गेलेल्या, लंकाच्या सासऱ्याचं पागोटं फाडून केलेली. म्हातारीने आजवर त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

“आत्याबाई, मुतली का ती?” लंका ओरडली.

साळुबाई दचकली. पोरीवर पदर ओढायला गेली आणि थांबली.

“लई येळा मुतली,” ती म्हणाली. “तुझं सकाळचं बाळुतं धुऊन वाळवून तू यायच्या आत पुन्यांदा गुंडाळलं मी. तुला कळू नये म्हून.” मग खाली बघत म्हणाली, “गवऱ्यांमागं तुझी फडकी बघितली व्हती. तुला न्हाई ऱ्हावलं, मला तरी कसं ऱ्हावंल?”

लंका तिथेच खाली बसली आणि रडू लागली. आधी पोरीसाठी, मग पहिल्यासाठी, मग दुसऱ्यासाठी, नावं घेऊन, मोठ्यांदा. साळुबाईने तिला गप बस म्हटलं नाही. तिने उघडी पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

पोरीने मांडीवरच धार सोडली. ऊन पाणी लंकाच्या लुगड्यातून खाली झिरपलं. साळुबाईने फडकं पुढे केलं.

“ऱ्हाऊ द्या जरा,” लंका म्हणाली.